घेतले कितीला?

पैशांचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला वर्तमानकाळाचं वावडं नसतं. आजचा किराणा, या महिन्याचं विजेचं बिल, सगळं ते मुकाट लिहून घेतं. भूतकाळाचं नाव काढलं की मात्र उलटतपासणीला बसतं. आईच्या डीमॅट खात्यातले शेअर त्यात चढवायला घेतले, तेव्हा मला हाच अनुभव आला. घेतले कितीला? घेतले कधी? दोन्ही रकाने भरल्याशिवाय ते पुढे सरकेना.

भाजे गावात राहणाऱ्याने असल्या कामासाठी पावसाळाच निवडावा. शनिवार-रविवारी लेण्यांखालच्या धबधब्यावर अर्धं पुणं आणि उरलीसुरली मुंबई उतरते. मळवली स्टेशनपासून गाड्यांची अशी रांग लागते, की गावच्या माणसाला दूध आणायला बाहेर पडायचं तरी धीर गोळा करावा लागतो. मग घरात बसून जुने कागद उपसणं बरं. मुलगी पुण्याहून आली आणि माझ्या लॅपटॉपवर ग्नूकॅश घालून गेली. हे फुकट मिळतं आणि द्विनोंदी पद्धतीने चालतं. म्हणजे आलेला प्रत्येक रुपया कुठून आला, ते सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर ते ‘इम्बॅलन्स’ नावाचं खातं आपणहून उघडतं आणि ती बेवारस रक्कम तिथे नेऊन ठेवतं.

“बाबा, ब्रोकरकडून फाइल मागवा आणि इम्पोर्ट करा. दोन मिनिटांचं काम आहे,” असं सांगून ती संध्याकाळच्या लोकलने परत गेली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेअर घेतले तेव्हा फाइल म्हणजे दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची वस्तू होती. देशातली पहिली डिपॉझिटरी १९९६ साली सुरू झाली. त्याआधी छापील सर्टिफिकेट, बदलीचा फॉर्म, त्यावर चिकटवायची तिकिटं, आणि सही जुळली नाही म्हणून कंपनीकडून परत आलेला लखोटा, असा सगळा संसार होता. भाज्याच्या दमट हवेत अण्णा ती सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवत. डीमॅट करताना ती जमा करावी लागली. डिपॉझिटरीच्या स्टेटमेंटमध्ये शेअर किती आहेत ते दिसतं. कितीला घेतले ते नाही. ते फक्त दलालाच्या काँट्रॅक्ट नोटेवर. आणि कार्बन प्रतींची शाई आता इतकी उडाली आहे, की आकडा तीन आहे की आठ, हे श्रद्धेवर ठरवावं लागतं.

अण्णा गेल्यावर शेअर आईच्या नावावर झाले. ब्रोकरच्या फाइलमध्ये ते सगळे एकाच दिवशी, शून्य रुपयांना जमा झालेले दिसतात. त्यावरून सॉफ्टवेअरच्या हिशोबाने आईइतकी यशस्वी गुंतवणूकदार अख्ख्या मावळात नाही. खर्च शून्य आणि नफा सगळा.

पण खरी परीक्षा बजाजने पाहिली. अण्णा मळवलीहून लोकलने पिंपरीला नोकरीला जात. वाटेत बजाजच्या कारखान्यासाठी आकुर्डीला डब्यातली किती माणसं उतरतात, त्यावरून त्यांनी कंपनी चांगली आहे असं ठरवलं आणि बजाज ऑटोचे शेअर घेतले. २००८ साली त्या कंपनीची विभागणी झाली. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली आणि एका शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. २०१० मध्ये ऑटोने एकास एक बोनस दिला. २०२२ मध्ये फिनसर्व्हने पाच रुपयांच्या शेअरचे एक-एक रुपयाचे पाच केले आणि वर एकास एक बोनस दिला. म्हणजे विभागणीच्या दिवशी दहा शेअर असतील, तर काही न विकता, न घेता आज होल्डिंग्जचे दहा, ऑटोचे वीस आणि फिनसर्व्हचे शंभर. मूळ किंमत तिन्ही कंपन्यांत वाटायची. बोनस शेअर शून्याला धरायचे. आणि दर्शनी मूल्य बदललं की शेअरचा आयएसआयएन क्रमांकही बदलतो, त्यामुळे सॉफ्टवेअर जुन्या शेअरला ओळखच देत नाही. इम्बॅलन्सचं खातं फुगत चाललं.

शेवटी आईला विचारलं. तिची तारखांची वही डोक्यात असते. “ते तुझ्या मुंजीच्या आधी घेतले. आणि ते दुसरे, म्हैस विकली त्या वर्षी.” ही माहिती पक्की होती, पण दिवस-महिना-वर्षाच्या चौकटीत म्हैस बसेना.

गंमत अशी, की ज्याची भीती वाटावी ते आयकर खातं इथे सॉफ्टवेअरपेक्षा मवाळ निघालं. वारसाने आलेल्या शेअरना मूळ मालकाची किंमत आणि मूळ मालकाचा काळ लागू होतो. शिवाय २०१८ च्या अर्थसंकल्पाने ठरवून दिलं, की त्याआधी घेतलेल्या सूचीबद्ध शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ चा सर्वांत वरचा भाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. फक्त तो विक्रीच्या भावापेक्षा जास्त धरायचा नाही. दिल्लीने माफ केलं, लॅपटॉप करेना.

आई बराच वेळ माझी खटपट बघत होती. म्हणाली, “विकायचेत का?”

“नाही.”

“मग कितीला घेतले त्याचं काय करायचंय?”

यावर मी गप्प झालो, कारण तिच्या बाजूने दोन हजार वर्षांचा पुरावा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, एक हजारावर पाऊण. मुद्दल परत करायचं नाही, भिक्षूंनी फक्त व्याज घ्यायचं. वर हा व्यवहार सभेत ऐकवून फलकावर नोंदवल्याचंही त्यात लिहिलं आहे. अशी फाइल मिळाली तर ग्नूकॅश एका दमात गिळेल. आमच्या भाज्याच्या लेण्यांतले दानलेख मात्र अगदी त्रोटक. पाण्याचं टाकं देणारा महारठी विण्हुदत्त आहे, लेण्याला दान देणारी एका नांगऱ्याची बायको आहे. नाव आणि दान, एवढंच. तिला ते कितीला पडलं, किती वर्षांच्या साठवणीतून आलं, याची नोंद नाही. दिलेलं ती परत विकणार नव्हती. मग किंमत कोणी कोरायची? उषवदाताने आकडे लिहिले तेही व्याज चुकू नये म्हणून. खरेदीचा भाव हा विकणाऱ्याचा प्रश्न आहे. राखणाऱ्याला येणारं उत्पन्न कळलं की पुरतं.

मग मी तडजोड केली. सगळे जुने शेअर ३१ जानेवारी २०१८ च्या भावाने ‘ओपनिंग बॅलन्स’ म्हणून चढवले, २०२२ चे बोनस शून्याला. ज्यांना आपला आरंभ सांगता येत नाही, अशांसाठी जमाखर्चाने फार पूर्वीच ही सोय करून ठेवली आहे. शेरा लिहायच्या जागेत मुंज आणि म्हैस दोन्ही नोंदवल्या. इम्बॅलन्स शून्यावर आलं. मी मोठ्या अभिमानाने लॅपटॉप आईपुढे धरला.

तिने चष्मा लावून पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. “यात यंदाचा डिव्हिडंड कुठाय?”

दाखवला.

“बरं. त्यातून आधी कौलं शाकारून घे. माजघरात गळतंय.”