ब्राझीलची वाट मोखाड्यावरून जाते

मोखाड्यातल्या माध्यमिक शाळेत जगाचा भूगोल कसा शिकवायचा, असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: साहित्य नाही. पृथ्वीगोल कपाटात कुलूपबंद, नकाशे घडीवर फाटलेले, टीव्ही आहे तर वीज नाही, वीज आहे तर रेंज नाही. तक्रार खरी आहे, पण अर्धीच. जगाचा भूगोल शिकवायला लागतं तेवढं साहित्य जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत उघड्यावर पडलेलं आहे. मुंबईच्या गारेगार वर्गांत बसणाऱ्या मुलांना त्यातलं निम्मंही मिळत नाही. आपण ते उचलत नाही, आणि कुणी उचलायला गेलं तर परीक्षा त्याला एक गुणही जास्त देत नाही.

दहावीचंच पुस्तक घ्या. 2018 साली बालभारतीने ते नव्याने काढलं आणि भारत व ब्राझील हे दोन देश शेजारी शेजारी ठेवले. प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, प्रत्येक प्रकरणात दोघांची तुलना. कल्पना उत्तम आहे. सगळं जग वरवर चाळण्यापेक्षा एक परका देश आपल्या देशाशी ताडून नीट पाहावा. पण वर्गात होतं काय? ब्राझील पाठ होतो. मुलगी अॅमेझॉनच्या उपनद्या घडाघडा म्हणते, आणि आपली शाळा ज्या डोंगरावर आहे तो कशाचा बनला, हे तिला कुणी विचारतच नाही.

विचारा. रस्त्यासाठी घाट कापलाय तिथे वर्ग उभा करा. काळा दगड, त्यात बारीक भोकं, काही भोकांत पांढरे स्फटिक. भोकं म्हणजे लाव्हा थंड होताना अडकलेले वायूचे बुडबुडे. स्फटिक नंतर झिरपलेल्या पाण्याने घडवलेले. हा बेसाल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारताचा भूपट्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज रियुनियन बेट आहे त्या टापूवरून सरकत होता. म्हणजे मुलीच्या हातातला दगड दक्षिण गोलार्धात जन्मला आणि उत्तर गोलार्धात येऊन पोचला. भूपट्ट सरकतात याचा एवढा धडधडीत पुरावा कुठल्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळतो?

आता ब्राझील. त्याच्या दक्षिणेला पारानाचं पठार आहे. तेही थरावर थर साचलेल्या लाव्हाचं, आपल्याहून दुप्पट जुनं, सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वीचं. तिथला बेसाल्ट झिजून तांबडी कसदार माती झाली आणि तिच्यावर कॉफीचे मळे उभे राहिले. दगड एकाच जातीचा, मग तिथे कॉफी आणि इथे नागली का? उतार, मातीची जाडी, पावसाचे महिने, भांडवल, जमिनीची मालकी: एकेक कारण मुलांनीच काढायचं. असा एक प्रश्न तीन प्रकरणं शिकवून जातो.

पावसाचं तेच. नववीच्या पुस्तकात प्रतिरोध पर्जन्य आहे. मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट चढून त्र्यंबक ओलांडलं की नाशकात तो सातशेच्या आसपास येतो आणि सिन्नरकडे त्याहूनही उतरतो. एसटीच्या एका प्रवासात वाऱ्याकडची बाजूही दिसते आणि पर्जन्यछायाही. ब्राझीलच्या ईशान्येचा अवर्षण चतुष्कोन हाच धडा मोठ्या अंगाने सांगतो: समुद्रावरून आलेले वारे उच्चभूमीच्या कड्यावर ओलावा टाकतात आणि पलीकडचा प्रदेश कोरडा राहतो. सिन्नर समजलं तर ईशान्य ब्राझील पाठ करावा लागत नाही.

पृथ्वीगोल कपाटाबाहेर काढा, मोखाड्याच्या अक्षांशावर, जवळजवळ 20 अंश उत्तरेवर, बोट ठेवा आणि गोल फिरवा. बोटाखालून हवाईचं मोठं बेट जातं, मेक्सिको जातो, मग मॉरिटानिया, माली, नायजर, चाड, सुदान, म्हणजे सहारा. नंतर अरबस्तानचं रब अल खाली वाळवंट, मग मोखाडा, पुढे लाओसचं लुआंग प्रबांग. सूर्य सगळ्यांना सारखाच तापवतो. तरी सहारा कोरडा आणि मोखाड्यात चार महिने धुवाधार. वरून खाली बसणारी कोरडी हवा, मान्सूनचे वारे, सह्याद्रीची भिंत हे सगळं या एका प्रश्नातून निघतं. आणि मुलांना एक गोष्ट कायमची कळते, की नुसत्या अक्षांशावरून हवामान ठरत नाही.

पाण्याचा धडा टाळू नका, कारण तो टोचतो. ब्रह्मगिरीवर उभं राहिलं तर अरबी समुद्र पश्चिमेला नव्वदेक किलोमीटरवर आहे. तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. त्याच त्र्यंबकच्या डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते आणि मोखाड्याच्या अंगाने समुद्र गाठते. जलविभाजकाची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलांच्या घराजवळ प्रत्यक्ष जलविभाजक आहे. तो त्यांना दाखवत नाही, ही आपली चूक आहे.

याच वैतरणेवर मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मुंबई महापालिकेने बांधलेलं मध्य वैतरणा धरण 2014 साली पूर्ण झालं. उंची 102 मीटर. त्यातून मुंबईला दिवसाला सुमारे 455 दशलक्ष लिटर पाणी मिळतं. आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर लागतो, बायका हंडे घेऊन उतार उतरतात. का? मुलांना हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि निम्मं उत्तर भूगोलात आहे. पाऊस चार महिन्यांत पडून जातो, उतार तीव्र, माती पातळ, अखंड बेसाल्टात पाणी मुरायला जागा थोडी. धरणाचं पाणी खोल दरीत, पाडा वर. मुंबई खाली आहे, तिच्याकडे पाणी उताराने जातं. पाड्याकडे ते चढवावं लागतं. उरलेलं निम्मं उत्तर पैसा आणि निर्णयाचं आहे, आणि तेही मानवी भूगोलातच येतं. पाणी चढवता येत नाही असं नाही. ते चढवायचं कुणी ठरवलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला हे नकाशावर वाचता आलं, तर त्याचा भूगोल झाला.

माणसांचा धडा त्याहून जवळचा. दिवाळी झाली की कितीतरी घरं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. 'जगायला गेले' असं इथली माणसं म्हणतात. त्या महिन्यांत वर्गात लोकसंख्या आणि मानवी वस्तीची प्रकरणं चाललेली असतात आणि हजेरीपटावर त्या मुलांपुढे गैरहजेरी पडते. ईशान्य ब्राझीलचा दुष्काळ, तिथून साओ पावलोकडे गेलेले लोंढे, फवेलांची, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्यांची वाढ: पुस्तकातल्या या साखळीतली प्रत्येक कडी या मुलांनी अंगावर घेतलेली आहे. माती कुठून येते, वीट कशी भाजतात, ट्रक कुठल्या इमारतींकडे जातात, मुकादम उचल कशी देतो, हे त्यांना ठाऊक असतं. हे स्थलांतर म्हणजे शैक्षणिक सहल नव्हे, पोटासाठीची फरफट आहे, आणि ती थांबली पाहिजे. पण तिथून परतलेल्या मुलाला 'तुझा अभ्यास बुडाला' एवढंच सांगणं हा त्याच्या ज्ञानाचा अपमान आहे. त्याला फळ्याजवळ बोलवा. पाड्यापासून भट्टीपर्यंतची वाट त्याला काढू द्या. नागरीकरणाचा तास त्याला घेऊ द्या.

पिकांकडे पाहा. नागली आली पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून, काही हजार वर्षांपूर्वी. खुरासणीचं मूळ इथिओपियात. मिरची आणि मका अमेरिकेचे. काजू थेट ईशान्य ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. आईला विचारून घरातल्या दहा जिनसांची यादी आणायची आणि जगाच्या नकाशावर प्रत्येकीची रेघ ओढायची. खर्च शून्य. व्यापार, वसाहती, हवामान सगळं त्या रेघांत येतं. पुस्तकात ब्राझीलची 'रोका' शेती आहे. इथल्या घरांत राब भाजणं आहे. दोन्हीत आग आहे, पण एक शेत हलवतं आणि दुसरं रोपवाटिका तयार करतं. हा फरक मोखाड्याची मुलं पुस्तकापेक्षा चांगला समजावतील.

आता एक प्रयोग, अगदी तपशिलाने. मैदानात सपाट जागी एक मीटर उंचीची सरळ काठी रोवा. ओळंब्याने ती ताठ आहे हे तपासा. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सगळ्यात आखूड सावली म्हणजे मध्यान्ह, आणि तिची रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण दिशा. 21 मार्चच्या सुमारास मोखाड्यात ही वेळ घड्याळात जवळजवळ पाऊण वाजता येते, बाराला नव्हे, मुख्य कारण म्हणजे आपली प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे रेखावृत्ताची आहे आणि मोखाडा तिच्या नऊ अंश पश्चिमेला. सावली भरते 36 सेंटिमीटर. कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापक लावा: वीस अंश. हाच मोखाड्याचा अक्षांश. काठी आणि खड्यांनी काढलेला.

पुढची पायरी. त्याच दिवशी सावंतवाडीच्या एखाद्या शाळेला फोन करा. तिथे तशाच काठीची सावली साडेअठ्ठावीस सेंटिमीटर, कोन सोळा अंश. फरक चार अंशांचा. दोन्ही गावांतलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर मोजा, सुमारे 445 किलोमीटर येतं. पूर्ण वर्तुळात चार अंश नव्वद वेळा बसतात. 445 गुणिले 90: चाळीस हजारांच्या जरा वर. पृथ्वीचा परीघ! एराटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये वापरलेली हीच रीत. मोखाड्याच्या आणि सावंतवाडीच्या मुलांनी मिळून पृथ्वी मोजली, हे त्यांना जन्मभर पुरेल. मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते, तर हा प्रयोग नववीला द्या. दोन्हीकडे एकाच दिवशी मोजलं तर हिवाळ्यातला कुठलाही निरभ्र दिवस चालतो.

हे सगळं नवं नाही. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. बिया, पानं, शिंपले, दगड हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली: कुरणशाळा. त्या कामाचा गौरव आपण सत्तर वर्षं करतोय. पण कोसबाडची रीत बालवाडीच्या उंबऱ्यावरच थांबवली. नववी-दहावीला ती नेली तर अभ्यास मागे पडेल, अशी धास्ती बाळगून बसलो.

म्हणून मागण्या तीन, तिन्ही स्वस्त.

पहिली: प्रत्येक शाळेला तिच्या परिसराचे स्थलनिर्देशक नकाशे द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांनुसार जव्हार 47 ई/1 वर, मोखाडा 47 ई/5 वर आणि त्र्यंबक 47 ई/9 वर येतं. प्रमाण 1:50,000, समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर. तिन्ही कागद शेजारी मांडले की दीड मीटरच्या पट्टीत जव्हारच्या पठारापासून ब्रह्मगिरीपर्यंतचा प्रदेश उभा राहतो. 2017 पासून विभागाचे नकाशे संकेतस्थळावर मोफत मिळतात. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने ते उतरवून, मोठे छापून शाळांत पोचवावेत. त्या रेषांवरून डोंगर घडवायला माणसंही इथेच आहेत: बोहाडा उत्सवातले मुखवटे कागदाच्या लगद्यातून घडवणारे कारागीर. त्यांना मानधन देऊन शाळेत बोलवा. उठावाचा नकाशा आणि पृथ्वीगोल मुलांच्या हातून होतील.

दुसरी: क्षेत्रभेट प्रत्यक्ष करा. दहावीच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण 'क्षेत्रभेट' आहे. अनेक शाळांत ते बाकावर बसून पाठ होतं, प्रश्नावली गाइडमधून उतरवली जाते आणि न केलेल्या भेटीचं उत्तर लिहून गुण मिळतात. खोटं लिहायला शिकवणारं याहून वाईट उदाहरण अभ्यासक्रमात दुसरं नसेल. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मुलाने स्वतः पाहिलेल्या, स्वतः मोजलेल्या आणि स्वतः लिहिलेल्या अहवालालाच द्या.

तिसरी: भूगोलाच्या शिक्षकाला वर्गाबाहेर जायची मोकळीक द्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने वर्ग रिकामा दिसला तर खुलासा मागू नये. नदीवर जाऊन वर्ग पाहावा.

भूगोलाच्या गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती: परवानगीची आणि साहित्याची वाट पाहत आणखी एक तुकडी पुढे ढकलू नका. काठी लागते एक मीटरची. ती या आठवड्यात रोवा आणि सावंतवाडीत ओळखीचं कुणी असेल तर आजच फोन लावा.