काट्यावर नजर ठेवणारा गृहस्थ

वर्धा जिल्ह्यातील जुन्या बुलेटधारकांचे वर्गीकरण करू गेल्यास, गाडी केवळ दसऱ्याला पुजण्यापुरती बाहेर काढणारे आणि ती विकायची आहे असे वर्षानुवर्षे सांगणारे हे दोन वर्ग सहज हाती लागतात. परंतु ज्याच्या गाडीचे चार्जिंग ‘कधी मारते, कधी मारत नाही’, तो तिसरा वर्ग अभ्यासकाने सावकाश न्याहाळावा असा आहे. या वर्गातला गृहस्थ बहुधा पन्नाशी ओलांडलेला, शिक्षक किंवा जिल्हा परिषदेतला कर्मचारी असतो, आणि गाडी वडिलांची असल्याने तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याखेरीज कोणालाही नाही, असे तो मानतो.

त्याची ओळख नजरेवरून पटते. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरील टोपणात अँमीटर नावाचे लहानसे घड्याळ बसवलेले असते. बॅटरीत वीज भरली जात असेल तर त्याचा काटा अधिक चिन्हाकडे झुकतो, आणि खर्च होत असेल तर उणे चिन्हाकडे. केळझरच्या गणपतीला निघालेला हा भाविक पवनारला धाम नदीचा पूल ओलांडेपर्यंत प्रसन्न असतो, पण सेलू जवळ येता येता काटा उण्याकडे कलू लागला की गणपतीकडे काय मागायचे हे दर्शनाआधीच ठरून जाते. रस्त्यातले खड्डे मागे बसलेल्या पत्नीला आधी कळतात, हेही येथे नोंदवले पाहिजे.

दोषाची तऱ्हा अशी. इंजिनाच्या डाव्या झाकणाआड ऑइलच्या सान्निध्यात स्टेटर, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांचे कडे, बसवलेले असते. त्याच्या आत चुंबक फिरला की दिशा बदलणारी वीज निर्माण होते, रेक्टिफायर तिला एकाच दिशेने वळवतो आणि रेग्युलेटर तिचा दाब आवरतो, त्यामुळे इंजिन मध्यम वेगात असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब दिसावा लागतो. वेटोळ्यातील तार आतून तुटलेली असल्यास थंड असताना तिची टोके एकमेकांना टेकून राहतात आणि तापल्यावर फाकतात. गाडी मिस्त्रीकडे पोहोचते ती सकाळच्या सावलीत, थंडगार होऊन, मल्टीमीटर बिनचूक १४ दाखवतो आणि मिस्त्री म्हणतो, “पाहा न भाऊ, बराबर त मारून राह्यलं!” यावर गृहस्थाचा चेहरा खोटी साक्ष दिल्याचा आळ आल्यासारखा होतो.

मग बॅटरी बदलली जाते, कारण दुकानात ती सर्वांत सहज मिळते. नवी बॅटरी भरलेलीच येत असल्याने काही दिवस दोष झाकला जातो, आणि तेवढ्या अवधीत बजाज चौकात भेटेल त्याला निदान ऐकवले जाते. जमनालाल बजाजांच्या या वर्धा गावात ‘आता बजाजचीच घेऊन टाका’ हा सल्ला त्याला वारंवार मिळतो, आणि तो त्यास फितुरी समजतो. त्यानंतर रेग्युलेटर बदलतो, मग रेक्टिफायर. वास्तविक गाडी चांगली तापल्यावर स्टेटरच्या तारा सोडवून त्यांतला दाब मोजणे, आणि अर्थिंग, म्हणजे चेसिसमार्गे वीज बॅटरीकडे परतण्याची वाट, कुठल्या गंजलेल्या बोल्टवर अडते आहे ते पाहणे, या कामाला पैसा लागत नाही. पण फुकटच्या तपासणीवर या वर्गाची श्रद्धा बसत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

काढलेले सुटे भाग तो टाकत नाही. ते घरातल्या कपाटात, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी लावून ठेवलेले असतात, आणि हिंगणघाटचा वा आर्वीचा एखादा समदुःखी भेटला की त्यातला रेग्युलेटर मोठ्या मनाने त्याला दिला जातो. त्या गाडीचाही दोष येऊन-जाऊन असल्याने दोन दिवस तिचा काटा अधिकाकडे राहतो. ‘तुमचा रेग्युलेटर त एकदम ओके आहे’ असा फोन येतो, आणि गृहस्थ समाधानाने नवा स्टेटर आणायला नागपूरला निघतो, बसने.