मालक कागदावर, कूळ घरात

"काकू, मँचेस्टरहून कधी आलात? घरात दिवा दिसेपर्यंत कळलंच नाही! लेकीनं काय काय दाखवलं?"

"बाकीचं राहू दे गं, एक वाकडं घर बघून आले. काँगल्टनजवळचा लिटल मोर्टन हॉल. नुसतं जुनं नव्हे हो, असं तिरकं की बघणाऱ्याला वाटावं, आपलीच मान लचकली."

"पडायला आलंय?"

"छे, पाचशे वर्षं उभं आहे. हौस नडली. १५०४ च्या सुमाराला मोर्टन जमीनदारांनी लाकडी चौकटीचं घर बांधायला घेतलं. पुढची शंभर वर्षं प्रत्येक पिढी काही ना काही जोडत गेली. खालचं झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, बड्या लोकांकडे असतं तसं पावसाळ्यात फेऱ्या मारायला लांब दालन हवं. चढवलं वर, ६८ फुटांचं! आणि छपराला जाड दगडी फरशा. खालच्या तुळया दबल्या त्या दबल्याच."

"म्हणजे शेजाऱ्यांनी मजला चढवला म्हणून आपणही..."

"हळू बोल, नेमके गॅलरीत उभे आहेत. पण मोर्टनांकडे पैसा होता बरं. प्लेगात ओस पडलेल्या जमिनी घेतल्या, पुढे मठ मोडीत निघाले तेव्हाही घेत सुटले. १,३६० एकर! पाण्यावरची चक्की, लोखंडाची भट्टी, सगळं. खिडक्यांना तीस हजारांवर काचांचे तुकडे. सुतारानंसुद्धा खिडकीवर आपलं नाव कोरून घेतलंय, १५५९ साल घालून."

"मग बुडाले कशानं? जुगार?"

"राजनिष्ठा! १६४२ ला राजा आणि पार्लमेंटची जुंपली, हे राजाच्या बाजूचे. पुढच्याच वर्षी पार्लमेंटवाल्यांनी घरात शिपाई आणून उतरवले. घर परत मिळालं, पण मालक १६५४ ला गेला तो तीन-चार हजार पौंडांचं कर्ज मागे ठेवून. त्या काळचे पौंड, लक्षात घे. आणि त्या लांब दालनाच्या टोकाला चुन्यात काय घडवून ठेवलंय? भाग्यदेवी, चाकासकट!"

"अगं बाई, आधीच?"

"ऐंशी-एक वर्षं आधी. १६७० च्या दशकाअखेरीस मंडळींनी बाड उचललं आणि घर-शेती कुळांना दिली. पुढे पुढे बहुतेक खोल्या बंदच, आणि त्यांचं ते चॅपल, तिथे कोळसा भरलेला."

"शीः, रयाच गेली की घराची."

"वाचलं म्हण! मोर्टनांच्या हातात पैसा खुळखुळत असता, तर हे पाडून विटांचा नवा महाल उठवला असता. अठराव्या शतकात तिकडे ती टूमच होती. कुळाला काय, छप्पर गळू नये म्हणजे झालं. दिवाणखान्यात जुनी रंगवलेली चित्रं नव्या फळ्यांमागे तशीच राहिली, सापडली १९७६ ला! १८४१ मध्ये डेल नावाचं कुटुंब कूळ म्हणून आलं, ते शंभरावर वर्षं हललं नाही."

"शंभर? आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागून नातवांच्या वाटण्या झाल्या असत्या."

"मी लेकीला तेच म्हटलं. पण तिकडे कुळांना जमिनीचं मालक करणारा १ एप्रिल १९५७ उगवलाच नाही ना. राबणारे डेल, पाटी मात्र मोर्टनांची. मला तर हेच खटकलं."

"मोर्टनांचं राहिलं होतं का कुणी?"

"शेवटी एलिझाबेथ म्हणून बाई, त्यांच्यातली जोगीण. मला आवडली हो ती. तिनं चॅपल नीट करून घेतलं, लांब दालनाला सळया घालून सावरलं तेही बहुधा तिनंच. १९१२ ला गेली, तेव्हा घर नात्यातल्या भावाला दिलं, चार्ल्स अब्राहम म्हणून बिशप होते त्यांना. अट एकच, विकायचं नाही. त्यांनी लोकांना बघायला खुलं केलं, तिकीट सहा पेन्स. तिकिटं फाडायला डेल, घर दाखवायलाही डेल."

"आणि अट?"

"पाळली की! १९३८ ला जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं, फुकट. विकायची बंदी होती, द्यायची कुठे होती?"

"वकिलाचंच डोकं. मग डेलांना काढलं?"

"कुठलं! नव्या मालकालाही घर त्यांनीच हिंडून दाखवलं असणार."