सतरावे साहेब

मोक्षधामात वारा उलटा फिरला होता. लाकडं पावसानं ओली, आग काही धरत नव्हती. गेलेल्या माणसाचा मोठा मुलगा हात जोडून उभा, चुलते राळ टाका म्हणतायत, कोणी डालड्याचा डबा फोडतोय आणि आम्ही बाकीचे खाली मान घालून गप्प. तेवढ्यात मागून, प्रसंगाला शोभेल अशा दबक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "सतराव्या होलवर अगदी असाच वारा होता. उजवीकडून."

मागे वळून पाहायची गरज नव्हती.

तुमच्याकडेही असा एकजण असणारच. तुमचा कदाचित नायगाऱ्याचा धबधबा सांगत असेल, नाहीतर चारधाम यात्रेत घसरलेलं घोडं. आमच्या नशिबी गोल्फ आलं. साहेबांच्या दारावरच्या पाटीवर वेगळंच आडनाव आहे, पण यवतमाळात दारव्हा रोडवरच्या आमच्या कॉलनीत ते आता कुरिअरवाल्यालाही सांगावं लागत नाही. "सतरावे साहेब कुठं राह्यतात?" म्हटलं की पोरं घरापर्यंत आणून सोडतात.

पाटबंधारे खात्यातला माणूस. बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यांवर अर्धं आयुष्य गेलं. २०१७ च्या उन्हाळ्यात मुलाकडे एडिंबरोला गेले, ते ठेचा, कुरडया आणि गोल्फविषयीचं संपूर्ण अज्ञान बरोबर घेऊन. परत आले ते सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा सतरावा होल घेऊन. कुरडया तिकडेच संपल्या. होल अजून संपलेला नाही.

ज्यांना साहेब अजून भेटलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साहेब थोडक्यात सांगत नाहीत. सेंट अँड्र्यूज ही गोल्फची पंढरी. या खेळापायी लोक धनुर्विद्येचा सराव सोडायला लागले म्हणून स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली होती. ती कोणी फारशी पाळली नाही. गोल्फचे होल अठराच का, तर याच मैदानावर आधी बावीस व्हायचे, १७६४ मध्ये सुरुवातीच्या चारांचे दोन केले आणि आकडा अठरावर आला. त्यातला सतरावा सगळ्यात खट्याळ. लांबी ४९५ यार्ड, आणि बॉल चार फटक्यांत भोकात जावा अशी अपेक्षा. भोक सव्वाचार इंची. पहिला फटका मारताना पुढचं मैदान नीट दिसतच नाही, कारण मध्ये शेड आहे. पूर्वी तिथं रेल्वेची शेड होती, आता तशाच घाटाचं हॉटेलचं बांधकाम आहे. त्याच्या डोक्यावरून बॉल काढायचा. मग डावीकडे वाळूचा खोल खड्डा, त्याला बंकर म्हणतात, आणि पलीकडे डांबरी रस्ता न् दगडी भिंत. १९७८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये जपानच्या नाकाजिमाचा बॉल दोन फटक्यांत ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गवतावर, येऊन पोचला होता. तिथून त्यानं तो हळूच ढकलला, तो थेट त्या खड्ड्यात. बाहेर काढायला चार फटके गेले. एकूण नऊ. १९९५ मध्ये इटलीच्या रोक्कानं अजिंक्यपद याच खड्ड्यात घालवलं. नाकाजिमाचं नाव काढताना साहेबांचा आवाज असा जड होतो, जणू तो त्यांचा साडू होता.

आता ही माहिती एकदा ऐकायला चांगली आहे. पण साहेब ती कशातही घालतात. लग्नाच्या पंगतीत बुफेचं टेबल लांब दिसलं की म्हणतात, "गुलाबजाम इथून साधारण दीडशे यार्ड. मध्ये नवरीकडची मंडळी आहेत, डोक्यावरून जावं लागेल." दत्त चौकात अमृत योजनेच्या पाण्याच्या पाइपसाठी रस्ता उकरला, तेव्हा गाव नगरपालिकेला शिव्या देत होतं. साहेब खड्ड्याच्या काठावर उभे राहून आत कौतुकानं बघत होते. "एवढाच खोल. फक्त त्याच्या भिंती गवताच्या विटांनी बांधलेल्या असतात." २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली, टँकरपुढे रात्री दोनला रांगा लागायच्या. माझ्या हातात दोन हंडे, मागे साहेब एक बादली घेऊन. तिथं त्यांनी मला समजावलं की समुद्राकाठच्या त्या मैदानाला फारसं पाणी लागतच नाही, रेताड जमीन, पाऊस आणि धुकं एवढ्यावर गवत तग धरतं, आणि जमीन जितकी टणक तितका बॉल पुढे पळतो. पुढचा माणूस वळून म्हणाला, "मंग आपलं यवतमाळ एक नंबर हाय ना साहेब. दगडच दगड." साहेबांनी ते गंभीरपणे घेतलं.

२०१९ च्या जानेवारीत आमच्याकडे साहित्य संमेलन झालं. लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं होतं, गावात दुसरा विषय नव्हता, आणि उद्‌घाटन शेवटी वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेच्या हातून झालं. मांडवात लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेर पडताना मी साहेबांना विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "फार चांगलं बोलली ती बाई. छातीत लागलं." मी थक्क झालो. चार पावलं चाललो असू. "आणि मैदान काय सपाट आहे हो. पहिला आणि अठरावा होल इथं सहज बसेल."

सतरावा कुठं बसेल हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं.

एकदा मात्र गोल्फ खरोखरच आमच्या जिल्ह्यात आलं होतं. २०१८ च्या ऑक्टोबरात पांढरकवडा-राळेगावच्या जंगलात टी-वन वाघिणीचा शोध चालला होता. तेरा माणसांचा जीव तिच्या नावावर लावला होता, गावंच्या गावं शेतात जायला घाबरत होती. हत्ती झाले, ड्रोन झाले, मग ज्योती रंधावा हे नावाजलेले गोल्फपटू आपली केन कॉर्सो जातीची दोन कुत्री घेऊन आले. सगळा जिल्हा वाघिणीकडे डोळे लावून बसलेला असताना आमच्या साहेबांनी पांढरकवड्याला जायची तयारी केली. वाघीण बघायला नव्हे. "एवढा मोठा माणूस आपल्या दारी आलाय, त्याला सतराव्याचं विचारू." त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, स्कूटरची किल्ली लपवली म्हणून ती भेट राहिली. वाघीण २ नोव्हेंबरच्या रात्री मारली गेली.

शेतकऱ्यांपुढे मात्र साहेबांची मात्रा चालत नाही. घाटंजीकडचा त्यांचा बटईदार एकदा हिशेबाला आला होता. साहेबांनी त्याला मैदानाच्या कडेच्या उंच गवताची भीती सांगितली, बॉल त्यात गेला की माणूस हताश होतो, वगैरे. त्यानं शांतपणे चहा संपवला. "निंदाले बाया नाई भेटत काय तिकडं?" मग बंकरांचा आकडा आला. मैदानभर मिळून ११२ खड्डे. "मुद्दाम केलेले?" "मुद्दाम केलेले." "न् बिल निघालं?" पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला या प्रश्नावर उत्तर सुचलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कधी कधी, मान्य करायला हवं, ते बरोबरही असतात. शकुंतला रेल्वेच्या रुळांजवळून जाताना एकदा म्हणाले, "सेंट अँड्र्यूजची रेल्वे १९६९ ला बंद झाली. त्यांनी तिची शेडसुद्धा खेळात ठेवली. आपली गाडी बंद पडली, आपण रुळांवर गवऱ्या वाळवतो." मी मान डोलावली. तेवढी चूक पुरली. मूर्तिजापूरच्या गाडीवरून आम्ही पुन्हा उजवीकडच्या वाऱ्यावर पोचलो.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. इतकं सगळं सांगणारा माणूस आपले फटके किती झाले ते कधीच सांगायचा नाही. "साहेब, तुमचा स्कोअर किती?" म्हटलं की वारा सुटायचा. पुन्हा विचारलं की नाकाजिमा यायचा. नागपूरला एक ओळखीचे गृहस्थ गोल्फ खेळतात, त्यांनी माझा संशय पक्का केला. ओल्ड कोर्सवर उतरायचं तर हँडिकॅपचा दाखला लागतो, म्हणजे तुम्हाला बऱ्यापैकी खेळता येतं याचा कागद. वर चिठ्ठीत नाव निघावं लागतं, आणि एका फेरीचे भरमसाट पैसे पडतात. दाखल्याचं एक वेळ सोडा, आमच्या जिल्ह्यात दाखला काय, कशाचाही मिळतो. पण सांभाराच्या जुडीसाठी भाजीवालीशी अर्धा तास घालणारा माणूस एवढे पैसे गवतावर ठेवेल?

उत्तर नोव्हेंबरात मिळालं. साहेब हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते आणि मी काकूंचा डबा परत करायला. काकू दारव्ह्याकडच्या. स्कॉटलंडनं त्यांच्या बोलीचं काही वाकडं केलेलं नाही.

"गोल्फ न्? खेळलो ना. हिमालयात."

"कुठं?"

"तिथंच, त्या मोठ्या मैदानाच्या बाजूले. नावच हिमालय हाय त्याचं. बायाइचं मैदान."

नंतर माहिती काढली तर काकू शब्दाला शब्द खऱ्या. १८६७ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या बायकांनी आपला क्लब काढला. भल्या घरच्या बाईनं हात खांद्याच्या वर नेऊन फटका मारणं तेव्हा शोभत नसे, म्हणून त्यांना नुसतं बॉल ढकलायचं मैदान मिळालं. उंचवटे आणि खळग्यांनी भरलेलं, म्हणून हिमालय. होल अठरा, सगळे छोटे. आजही क्लब बायकांचाच, आणि थोडे पाऊंड दिले की कोणालाही खेळता येतं. दांडी-चेंडू तेच देतात. यवतमाळचा माणूस विमानानं स्कॉटलंडला गेला आणि हिमालयात खेळून आला.

"मग साहेबांचे फटके किती झाले?"

काकूंनी कालनिर्णयामागून घडी घातलेला कागद काढला. "माहे सत्तेचाळीस. त्याइचे एकसष्ट. सूनबाईनं लिहून देलं हाय." लुगडं खोचून, पायात मुलाचे बूट घालून त्या खेळल्या होत्या.

"आणि सतरावा होल?"

"तो दुसऱ्या दिवशी. रविवार होता."

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. ती तिथली जुनी रीत. त्या दिवशी मैदान सगळ्या गावाचं. लोक कुत्री फिरवतात, म्हातारी माणसं पाय मोकळे करतात, कोणी कोणाला दाखला मागत नाही. साहेब त्या जगप्रसिद्ध मैदानावर पायी फिरले होते. हातात छत्री होती.

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते उमटलं असेल, कारण काकूंनी कागद परत कालनिर्णयामागे सरकवला आणि खुर्ची ओढून बसल्या. "तीन महिने राह्यलो आम्ही. पोरगा वाईट नाई, पन घरी आला का लॅपटॉपात. जेवताना बोलीन तेवढंच. त्या दिवशी फोन गाडीत ठेवला त्यानं. दोघं बापलेक सकाळपासून चालून रायले होते. म्या त्या दगडी पुलावर बसली होती. सतराव्यापाशी ते उंच-खोल पाहून पोरानं इचारलं म्हने, बाबा, बेंबळ्याच्या कालव्याचा उतार तुम्ही कसा काढला? पानी कुठं वळंल हे तुमाले कसं समजे?"

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. "सारी नोकरी झाली, कोनी नाई इचारलं त्याइले. म्या बी नाई. मंग तिथंच भिंतीवर बसून दोन घंटे सांगत होते. वारा होता म्हने लय. उजवीकडून."

इतक्या वर्षांत साहेबांनी कालव्याचा एक शब्द आम्हाला सांगितलेला नाही. मीही त्यांना कधी विचारलेलं नाही, आणि या ओळी लिहीपर्यंत तरी विचारलं नाही. आमच्या रांगेतल्या नऊ घरांपैकी सहा घरांची मुलं पुण्यात किंवा समुद्रापलीकडे आहेत. आम्ही सगळेच एकमेकांना काहीतरी सांगत असतो.

त्या संध्याकाळी साहेब गेटपाशी भेटले. बँकेतल्या मशीनवर अंगठा उमटत नव्हता म्हणाले, तीनदा लावावा लागला. "बरं का, सतराव्यावरही पहिला फटका..." मी पूर्ण ऐकलं. काकूंच्या बोलण्यानं कंटाळ्यात काही फरक पडला असेल असं मला वाटलं होतं. पडला नाही. माणूस चांगला आहे, गोष्ट तशीच लांब आहे.

त्यांचा मुलगा यंदा दिवाळीला येतोय, दहा दिवसांसाठी. कॉलनीतल्या सगळ्यांना विनंती आहे की त्या दहा दिवसांत संध्याकाळी साहेबांकडे चहाला जाऊ नये, मुलाला व्हिसाचं विचारू नये, आणि एकसष्ट-सत्तेचाळीसचा विषय तर मुळीच काढू नये. शक्य झाल्यास कोणीतरी त्या दोघांना बेंबळ्याच्या कालव्यापर्यंत जायला गाडी द्यावी. आपली काळजी करू नका. आपल्याला पुढे वर्षभर ऐकायचंच आहे.