ग्रुपवर शुद्ध लिहिण्याचा विधी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिनचूक मराठी लिहायचे असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लिहूच नये. हात जोडलेली इमोजी पाठवावी. तिला वेलांटी नसते. अनेक सभासदांनी या एका इमोजीवर वाढदिवस, बारसे, पाणीकपात आणि मयत असे सगळे निभावून नेले आहे.

लिहिणे टळतच नसेल तर निदान सगळ्यांच्या आधी लिहावे. कोणी गेल्याची बातमी येते तेव्हा पहिली श्रद्धांजली वाहणाऱ्याचेच शुद्धलेखन पुढे चालते. त्याने 'भावपुर्ण श्रध्दांजली' लिहिले की खालचे सगळे तेच उचलून चिकटवतात. दिवंगत व्यक्ती मराठीची शिक्षिका असली तरी तिची यातून सुटका नाही. वास्तविक 'पू'ला दुसरा उकार, आणि 'श्रद्धा'त द आधी, ध नंतर. मोठ्याने म्हणून पाहिले की कळते. पण अशा प्रसंगी म्हणून पाहणे बरे दिसत नाही.

नियम फार नाहीत. साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. सगळे कोण पाठ करतो! एकच धरावा: शब्दाच्या अखेरीचा इकार-उकार दीर्घ. म्हणून मी, ती, की, गुरू, बुद्धी. 'आणि' हा ठरलेला अपवाद. ग्रुपवर मात्र 'कि' पहिल्या वेलांटीने आणि 'आणी' दुसरीने लिहिण्याची प्रथा आहे. वेलांट्यांची एकूण बेरीज बरोबर येत असल्याने हिशेबतपासनीस आक्षेप घेत नाहीत. समासात शिरू नये, तिथे बुद्धीचे लगेच बुद्धिबळ होते.

'लिफ्ट मध्ये', 'गच्ची वर' ही फोनची करामत. सुचवलेला शब्द निवडला की तो पुढे मोकळी जागा सोडतो. ती पुसून 'लिफ्टमध्ये' असे जोडून लिहावे. पार्किंगला जागा नाही, शब्दांत कशाला? 'अध्यक्षानी' लिहून अध्यक्षांचे टिंब खाऊ नये. आदरार्थी टिंब थकबाकीदारांनाही द्यावे लागते.

खरा धोका र-चा आहे. गणपतीच्या महाप्रसादाचा हिशेब देताना 'आचार्यांना पाच हजार दिले' असे लिहिले, तर प्रवचन कधी झाले आणि आम्हाला का कळवले नाही, अशी विचारणा होते. 'आचाऱ्यांना' लिहावे. त्यासाठी कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ हुडकावा, मग पाय मोडण्याची खूण, मग य. इतका वेळ नसेल तर 'स्वयंपाक्यांना' लिहून मोकळे व्हावे. आचाऱ्याला तेवढेच पैसे मिळतात.

दुसऱ्याची चूक चारचौघांत दाखवायची हौस असेल, तर आधी आपला मेन्टेनन्स भरलेला आहे ना, ते पाहावे. उत्तरात व्याकरण येत नाही, थकबाकीचा आकडा येतो.