तिसऱ्या रांगेतले हशाकाका

प्रत्येक नाट्यगृहात एक हशाकाका असतात. आमचे आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहतात. तिसरी घंटा होईपर्यंत ते चारचौघांसारखेच दिसतात. मांडीवर कापडी पिशवी, हातात रुमाल. पहिला विनोद झाला की आधी नुसते खांदे हलतात. मग नाकातून कुकरची अर्धवट शिट्टी. मग सणसणीत 'ह्या ह्या ह्या' आणि शेवटी श्वास आत ओढताना सायकलच्या पंपासारखा 'हीऽऽक'! लोक विनोदाला जेमतेम हसतात, 'हीऽऽक'ला मात्र खुर्चीतून घसरतात.

गुरुवारी दुपारचा प्रयोग, थिएटरात पाऊणशे डोकी. लाफ्टर पडला नाही की नट घाबरून वाक्यं भराभर उरकतो आणि उरलासुरला विनोदही मारतो. काका आले की तो थांबायला शिकतो. अमेरिकेत १९५०च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या इंजिनिअरनं टीव्हीच्या कार्यक्रमांसाठी हशाची पेटीच बनवली होती. बटण दाबलं की ध्वनिमुद्रित माणसं हसायची. आमची पेटी रिक्षानं येते आणि तिकीटही काढते.

माणूस एकटा असताना हसतो त्याच्या ३० पट चारचौघांत हसतो, आणि तेही बहुतेकदा साध्यासुध्या वाक्याला, असं रॉबर्ट प्रोव्हाइन या शास्त्रज्ञानं सांगून ठेवलंय. दुसऱ्याचं हसू नुसतं कानावर पडलं, तरी आपला चेहरा हलवणारा मेंदूचा भाग तयारीला लागतो म्हणे.

पण त्या हशाचा विषय आपणच असलो तर! परवा केसांना नवा कलप लावून जिना उतरत होतो. मागून 'हीऽऽक' आला. काका मोबाइलवर काहीतरी बघत होते, हे नंतर कळलं. तोवर मी पार्किंगमधल्या स्कूटरच्या आरशात केस, कॉलर आणि पँटची चेन, तिन्ही तपासून मोकळा झालो होतो.

गेल्या रविवारी नाटकाला काका आणि मी एकाच रांगेत बसलो होतो. मध्यंतरात बटाटेवडा खाताना विचारलं, "काका, त्या भाडेकरूच्या वाक्याला एवढं काय हसलात?"

"काय?" काकांनी कानामागे हात नेला. मी ओरडून पुन्हा विचारलं.

"छे हो, ऐकू कुठे येतंय! खुर्ची गदागदा हलली. म्हटलं, शेजारच्या बाई हसतायत, म्हणजे विनोद झालेला दिसतोय."

शेजारच्या बाई वडा हातात तसाच धरून, श्वास रोखून काकांच्या नाकाकडे बघत होत्या.