खडूचा एक सेंट

28 डॉलर आणि साडेबारा सेंट. स्वतःच्या हाताने लाकडाचं घर बांधायचा विषय निघाला की हा आकडा कोणीतरी पुढे करतोच. हेन्री डेव्हिड थोरोने 1845 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी 10 बाय 15 फुटांचं घर उभं केलं, त्याचा हा खर्च. दुर्गा भागवतांनी त्या घराबद्दलचं त्याचं पुस्तक मराठीत आणलं, त्यामुळे तो हिशेब आपल्याही घरात येऊन बसला आहे.

मला हा हिशेब मनापासून आवडतो. हजार जुन्या विटा 4 डॉलर. काचेसकट दोन जुन्या खिडक्या 2 डॉलर 43 सेंट. खिळे 3 डॉलर 90 सेंट, म्हणजे खिडक्यांहून महाग! चुना महाग पडला, गिलाव्यात घालायचे केस गरजेपेक्षा जास्त आणले, हेही त्याने लिहून ठेवलं. खडूचा एक सेंटसुद्धा सोडला नाही. घर बांधलेल्या किती जणांना स्वतःच्या घराचा असा पैन्‌पैचा खर्च सांगता येईल?

पण त्या यादीत काय नाही, तेही बघा. जमीन त्याच्या लेखक-मित्राची, इमर्सनची. कुऱ्हाड उसनी. सांगाडा उभा करायला मित्र आले. लाकूड, दगड आणि वाळू हिशेबात धरलेली नाहीत, हे तो स्वतःच सांगतो. त्याची स्वतःची मजुरी शून्य. ‘स्वतः बांधलं, स्वस्तात झालं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत या ओळी कोऱ्या असतात, आणि माझं भांडण त्या कोऱ्या ओळींशी आहे.

शिवाय ते ओंडक्यांचं घर नव्हतंच. तासलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर फळ्या. खरं ओंडक्यांचं घर अमेरिकेत सतराव्या शतकात डेलावेअरच्या खोऱ्यात आलं, स्वीडिश आणि फिनिश वसाहतवाल्यांबरोबर. कोपऱ्यावर खाचा पाडायच्या आणि ओंडका ओंडक्यात बसवायचा. खिळा जवळजवळ लागतच नाही. हाताशी जंगल आणि हातात कुऱ्हाड असली की भिंती उभ्या. म्हणून ते गरिबाचं घर. तिथे खर्च खिशातून निघून अंगावर येतो.

किती येतो, ते रिचर्ड प्रोनेकीकडे बघा. अलास्कातल्या ट्विन लेक्सकाठी त्याने 1967 च्या उन्हाळ्यात स्प्रूसची झाडं तोडून ठेवली आणि बांधायला घेतलं 1968 मध्ये. ओलं लाकूड वाळताना आकसतं. कच्च्या ओंडक्यांची भिंत काही इंच खाली बसते आणि दारं-खिडक्या जाम होतात. म्हणजे झाडं तोडल्यावर वाट पाहणं हासुद्धा बांधकामाचाच भाग, आणि त्या महिन्यांचं बिल कोणी फाडत नाही. पन्नाशी उलटलेला हा माणूस नौदलात सुतारकाम केलेला होता. घर पुरं होईपर्यंत राहिला तो मित्राच्या केबिनमध्ये. सामान आलं छोट्या विमानातून. त्याच्या हातांना मी दंडवत घालीन. पण ते हात घडायला लागलेली वर्षं, मित्राचं छप्पर आणि तो वैमानिक यांना वगळून ‘एकट्याने बांधलं’ हे वाक्य मला लिहिता येत नाही.

थोरोच्या यादीतली सगळ्यात मोठी रक्कम फळ्यांची: 8 डॉलर साडेतीन सेंट. त्यातल्या बहुतेक फळ्या एका खोपटाच्या. ते खोपट फिचबर्ग रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश माणसाचं. सौदा ठरला सव्वाचार डॉलरला: पैसे त्या रात्री, घर रिकामं दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला. थोरोने त्याच सकाळी खोपट उतरवलं, खिळे उपसले आणि फळ्या गाडीने तळ्याकाठी नेल्या. हेही त्यानेच प्रामाणिकपणे लिहिलं, म्हणून आपल्याला कळतं. सहा वाजता ते कुटुंब त्याला वाटेत भेटलं. सगळा संसार एका मोठ्या गाठोड्यात: बिछाना, कॉफी दळायचं यंत्र, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढं मागे राहिलं होतं.